चौथ्या एक्सलच्या मागे

रंगराव थोरातच्या ट्रकला तीन एक्सल होते, आणि तो चौथ्या एक्सलपाशी उभा होता.

परत जाऊन मोजावं असं त्याला वाटलं नाही. गाडी त्याची स्वतःची होती, तिचा नट अन् नट त्याच्या हाताखालून गेलेला होता, आणि तिसऱ्या एक्सलनंतर लगेच फाळका येतो हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. आज फाळक्याच्या जागी आणखी एक जोडचाक होतं. चाकावर त्याच रस्त्याची धूळ होती, आणि मडगार्डवर त्याच पेंटरनं काढलेलं तेच कमळ होतं. रंगरावनं हातातली टॉमी, म्हणजे चाक खोलायची लोखंडी पहार, टायरवर ठोकली. टायर भरलेला वाजला. चला, याची हवा तरी बरोबर आहे, असं म्हणून तो आणखी मागे सरकला.

गाडी कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर, देवीच्या घुमटीसमोरच्या सपाटीला उभी होती. कराडहून साखरेची पोती भरून चिपळूणला निघालेली. इथून रस्ता कोकणात उतरतो, आणि एकदा उतरायला लागला की खालपर्यंत दम खात नाही. बाकीचे ड्रायव्हर इथं थांबतात, नारळ फोडतात, चहा घशाखाली ओततात आणि पुढचं सगळं देवीच्या गळ्यात घालून सुटतात. रंगरावही नारळ फोडायचा, पण आपल्या गाडीचे नट देवीनं आवळावेत हे त्याला पटत नसे. तो आधी गाडीभोवती पूर्ण फेरी मारायचा. टायर, नट, पाटे, दिवे आणि सगळ्यात शेवटी ब्रेकची हवा. घाटातले लोक याला रंगरावची प्रदक्षिणा म्हणत आणि दात काढत. त्यांनी खुशाल काढावेत. रंगरावची गाडी आजवर घाटात कुणाच्या अंगावर गेली नव्हती, आणि दात काढणाऱ्यांपैकी दोघांच्या गाड्या अजून दरीत गंजत पडल्या होत्या.

असल्या गाडीचा ब्रेक हवेवर चालतो. टाकीत हवा भरलेली असली की चाकं मोकळी फिरतात आणि पाय दाबला की थांबतात. हवा गळून गेली तर आतली स्प्रिंग चाकं आवळून धरते, आणि गाडी खुंटीला बांधल्यासारखी जागच्या जागी उभी राहते. मग कितीही रेस करा, ती हलत नाही. टाकीत हवा किती उरली ते केबिनमधला काटा दाखवतो, आणि तो लाल खुणेच्या खाली जाता कामा नये. गळती बारीक असली तर सपाट रस्त्यावर कळत नाही, ती उतारावर कळते, आणि तेव्हा कळून उपयोग नसतो. ती आधी शोधायची तर दोन माणसं लागतात. एकानं केबिनमध्ये बसून ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्यानं मागे जाऊन कान लावायचा. कुठं फुसफुस ऐकू आली तर तिथं गळती. एरवी हे काम रंगराव चहाच्या टपरीवरच्या कुणालाही हाक मारून करून घ्यायचा.

आज केबिनमध्ये त्याची बायको होती. शालनचं लग्न होऊन लेक पूनम जन्मली, वाढली, लग्न होऊन चिपळूणला गेली, तरी शालन या गाडीत कधी बसली नव्हती. घाट आहे, तुला गरगरेल, असं रंगराव म्हणायचा आणि ती घरी राहायची. आज मात्र पूनमकडे जायचं म्हणून ती सकाळीच पदर खोचून गाडीपाशी उभी राहिली होती. घाटमाथ्यावर आल्यावर रंगरावनं तिला ड्रायव्हरच्या सीटवर सरकायला सांगितलं.

"ह्यो ब्रेक. मी मागं जाऊन चेशीवर एक ठोका दिला की दाबायचा आन दाबूनच धरायचा. दोन ठोके दिले की सोडायचा."

"किती येळ धरायचा?"

"मी दोन ठोके देस्तोवर."

"आन तुमी न्हाईच दिलं तर?"

"तर हाय तसाच धरायचा."

"ते येतंय मला," शालन म्हणाली आणि चप्पल काढून पाय पेडलवर ठेवला.

रंगराव खाली उतरला, चेसीवर टॉमीचा एक ठोका दिला, आणि त्याला लगेच मागून कुठूनतरी बारीक फुसफुस ऐकू आली. खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं. त्याचं कारण गाडीत नव्हतं, शालनच्या पिशवीत होतं.

सकाळी निघताना ती पिशवी त्यानंच उचलून केबिनमध्ये ठेवली होती. ती जड होती, आणि कापडातून हाताला एक गोल कड लागली होती. रंगरावला गाडीखाली न बघता नुसतं चाचपून वस्तू ओळखायची सवय. तो पोळपाट होता, शेजारी लाटणं. शिसवी, तीन पायांचा, शालनच्या माहेरचा पोळपाट. दोन दिवस लेकीकडे जाणारी बाई पोळपाट बरोबर नेत नाही. पूनमच्या घरी पोळपाट होताच, रंगरावनंच घेऊन दिलेला. तेव्हाच विचारायला हवं होतं, पण गाडी सुरू करायची होती. पाटणला विचारू म्हणाला, तर समोर वऱ्हाडाची जीप आडवी आली. कोयनेला विचारू म्हणाला, तर शालनच म्हणाली, "भिंत केवढी वं धरणाची," आणि मग धरणाविषयी बोलणं झालं. नटाचा पाव आटा सैल असला तरी ज्याला जेवण जात नाही, त्या माणसाला कराडपासून घाटमाथ्यापर्यंतचा रस्ता एका प्रश्नाला पुरला नाही.

म्हणून गळती निघाली तेव्हा त्याला बरं वाटलं. गळती सापडेपर्यंत चिपळूण येणार नव्हतं.

पाचव्या एक्सलपाशीही फुसफुस मागूनच येत होती. सहाव्यापाशीही. पुढे त्यानं मोजणं सोडून दिलं. प्रत्येक चाकाशी तो वाकत होता, नट हातानं चाचपत होता, पाइपाला कान लावत होता आणि पुढल्या चाकाकडे जात होता. कुठलंच चाक त्यानं उगाच सोडलं नाही. चाक जास्तीचं असलं म्हणून त्याचा नट सैल राहिलेला चालत नाही.

एका चाकाच्या सावलीत करवंदं विकणारी बाई पाटी घेऊन बसली होती. डोक्यावर हौद्याची फळी, पाठीला टायर, अशी ऐसपैस मांडी घालून बसलेली. रंगराव थांबला.

"मावशे, गाडीखालनं ऊठ. गाडी जायाची हाय."

"जाईल तवा उठंन."

"कवापासनं बसलीयास हितं?"

"गाडी हाय तवापासनं," बाई म्हणाली. "सावली चांगली पडती तुझ्या गाडीची." तिनं पानांच्या द्रोणात मूठभर करवंदं घातली आणि त्याच्यासमोर धरली. मग तिनं मान पुढच्या बाजूला कलती केली, काहीतरी ऐकलं आणि म्हणाली, "पुढनं निरोप आलाय. मालकीणबाई इचारत्यात, पाय बदलला तर चालंल का?"

"न्हाई चालायचं. पाय बदलताना मधीच हवा सुटती. सांग तिला."

"पुढं निरोप न्यायाची रीत न्हाई."

"मंग हा कसा आला?"

"निरोप मागं येत्यात. पुढं जात न्हाईत." बाईनं हे असं सांगितलं, जसं कुणी एसटी कुठल्या फाट्यावर थांबते ते सांगतं. रंगरावनं पुढे पाहिलं. केबिन लांब दिसत होती, आणि तिच्या बाजूचा आरसा उन्हात लखलखत होता. चालत गेला असता तर पोचला असता. निदान तेव्हा तरी पोचला असता. पण फुसफुस मागे होती, आणि अर्धवट काम टाकून जाणं त्याला कधी जमलेलं नव्हतं. त्यानं एक करवंद तोंडात टाकलं आणि मागे चालू लागला. करवंद आंबट निघालं.

पुढे, म्हणजे मागे, एका एक्सलखाली चटईवर मकबूल मिस्त्री उताणा पडला होता. मकबूलचं गॅरेज कराडला नाक्यावर होतं आणि सकाळी गाडी त्याच्या दारावरून आली तेव्हा तो शटर उघडत होता. रंगरावनं त्याला हातही केला होता. आता तो चटईवर पडून वरच्या पाइपाकडे बघत होता, आणि त्याच्या छातीवर साबणाच्या पाण्याची वाटी ठेवलेली होती. साबणाचं पाणी सांध्याला लावलं आणि बुडबुडा आला की तिथं गळती, ही त्याची पद्धत.

"तू हितं कसा रं मिस्त्री?"

"तूच तर बोलावलंस."

"मी न्हाई बोलावलं."

"बरं," मकबूल म्हणाला. त्यानं बोट वाटीत बुडवलं आणि एका सांध्याला लावलं. बुडबुडा आला नाही. "वैनींचा पाय कवाधरनं दाबलेला हाय?"

"आत्ताच दाबलाय."

मकबूलनं बोट पुढच्या सांध्याला लावलं. तो पंचवीस वर्षांपासूनचा दोस्त होता आणि रंगराव कधी खोटं बोलतो ते त्याला कळायचं. रंगरावनं टॉमी टायरला टेकवून ठेवली, गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी पाइप चाचपायला लागला.

"दोन ठोके दे," मकबूल म्हणाला. "बाईचा पाय मोकळा कर. मग सावकाशीनं हुडकू."

"पाय सोडला की आवाज बंद होतो. मग हुडकायचं कशावरनं?"

"बंद झाला तर झाला."

"आन घाट? घाट उतरायचाय की न्हाई?"

"उतरायचाय का?" मकबूलनं विचारलं.

रंगरावच्या डोक्यात तिडीक गेली. गाडीच्या मालकाला असं विचारतात होय? पण उत्तर त्याला ठाऊक होतं. चिपळूणला पूनमच्या दारात गाडी लागेल, शालन पिशवी घेऊन उतरेल, पिशवीतला पोळपाट पूनमच्या ओट्यावर ठेवेल, आणि दोन दिवसांनी रिकामी गाडी घेऊन तो एकटा घाट चढेल. घरी कुलूप असेल. या सगळ्याची त्याला भीती वाटत होती. म्हणून तो उठला आणि फुसफुसीच्या मागे निघाला. पाठीमागून मकबूलचा आवाज आला, "निरोप आलाय. काटा उतरायला लागलाय म्हणत्यात." रंगरावनं हात वर केला, म्हणजे ऐकलं.

आता गाडीची एक बाजू डोंगराच्या कडेला चिकटत चालली होती. आधी तिथून माणूस आरामात जात होता, मग आडवं होऊन जावं लागायला लागलं. दुसऱ्या बाजूला दरी होती आणि तीही जवळ येत होती. चाकं मात्र सगळी व्यवस्थित होती. एकाही चाकाचा नट सैल नव्हता, एकाही टायरला चीर नव्हती. इतकी चांगली ठेवलेली गाडी त्यानं जन्मात पाहिली नव्हती, आणि दुसरी वेळ असती तर त्याला अभिमान वाटला असता.

जिथं डोंगर जरा आत गेला होता तिथं एका न्हाव्यानं खुर्ची मांडली होती. ताडपत्रीच्या कडीला आरसा टांगला होता. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. न्हावी वस्तऱ्याला धार लावत उभा होता.

"बसा," तो म्हणाला.

"बसाय येळ न्हाई. हितं कुठं फुसफुस आयकली का?"

"आयकतोय की. रोजच आयकतोय." न्हाव्यानं मान कलती केली. "तुमच्यासाठी पुढनं निरोप हाय. पूनमताईचा फोन आला हुता. आईची खोली झाडून ठेवलीया म्हणल्या."

रंगराव खुर्चीत बसला. आता विचारायचं काही उरलं नव्हतं. पोळपाट कशासाठी, ते लेकीनंच सांगून टाकलं होतं, आणि तेही गाडीभर माणसांच्या तोंडून. न्हाव्यानं त्याच्या गळ्याभोवती पांढरा कपडा गुंडाळला.

समोरच्या आरशात त्याचं तोंड दिसायला हवं होतं. आरशात केबिन दिसत होती, आतून, सीटच्या मागून. शालन बसलेली होती. मानेवर घाम होता आणि अंबाड्यातून सुटलेली बट घामानं मानेला चिकटली होती. ब्रेकवरचा पाय घोट्याशी सुजला होता, इतका की पैंजण कातडीत रुतलं होतं. दुसरा पाय तिनं त्याच पायावर ठेवला होता, वरून जोर द्यायला. जेवणाचा डबा तिच्या मागे फळीवर होता, तिचा हात पोचला नसता. एक हात स्टिअरिंगवर होता आणि दुसरा मांडीवरच्या पिशवीत. ती समोर रस्त्याकडे बघत होती. तोंडावर राग नव्हता, कंटाळा नव्हता. ती फक्त ऐकत होती.

रंगराव बघत राहिला. शालन वाट बघताना कशी दिसते हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं, कारण ती वाट बघायची तेव्हा तो घरी नसायचा. तो यायचा तेव्हा ती दारात उभी असायची, पाणी द्यायची, आणि त्याला वाटायचं की ती आत्ताच दारात आली. उशीर झाला तर तो सांगायचा, गाडी अडकली होती. ती म्हणायची, बरं. पूनमच्या वेळी तिच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा तो बेळगावकडे होता, आणि जाताना सांगून गेला होता की मी येईस्तोवर दवाखान्यात जाऊ नको, मी नेतो. तेव्हाही तिनं धरून ठेवलं होतं. शेवटी शेजारणीनं ओढून रिक्षात घातलं.

त्याला तिची दया आली आणि स्वतःची शरम वाटली. दोन्ही इतकं एकदम आलं की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. न्हाव्यानं ते कपड्याच्या टोकानं पुसलं.

"बास झालं," रंगराव म्हणाला आणि कपडा ओढून काढला. गळती गेली चुलीत. आता दोन ठोके द्यायचे, तिचा पाय मोकळा करायचा, पुढे जाऊन तिच्या शेजारी बसायचं आणि तो घोटा मांडीवर घेऊन चोळायचा. तिला पूनमकडे राहायचं असेल तर राहू दे. पोळपाट आपणच उचलून ओट्यावर नेऊन ठेवू. विचारूही, परत कधी येशील म्हणून, आणि ती येणार नाही म्हणाली तर ते ऐकून घेऊ. पण आधी दोन ठोके. त्यानं हात बाजूला नेला, आणि हातात टॉमी नव्हती.

टॉमी मकबूलच्या तिथं टायरला टेकवलेली राहिली होती.

तो पुढच्या दिशेनं पळत सुटला. मघाशी मकबूलची चटई आणि न्हाव्याची खुर्ची यांच्यामध्ये थोडीच चाकं होती. आता एकामागून एक चाक येत होतं, कमळाचं मडगार्ड, मग पुन्हा कमळाचं मडगार्ड, आणि चटई येत नव्हती. डोंगर गाडीला इतका टेकला होता की बाजूनं जाता येईना, म्हणून तो चेसीखाली शिरला. आधी ओणवा होऊन चालला. मग चेसी खाली आली तेव्हा गुडघ्यांवर. मग पोटावर सरपटत. बाहेरून, दरीच्या बाजूनं, न्हाव्याचा आवाज त्याच्याबरोबर चालत येत होता.

"काटा लालजवळ आलाय म्हणत्यात."

"तिला म्हणावं सोड!" रंगराव ओरडला. "सोड म्हणावं, मी सांगतोय!"

"पुढं न्यायाची रीत न्हाई, मालक."

"रीत घाल चुलीत!"

"काटा लालला लागला," न्हावी म्हणाला.

लालच्या खाली काटा गेला की स्प्रिंग सुटते आणि चाकं आवळली जातात. ही इतकी चाकं, सगळी एकदम. मग ही गाडी माथ्यावरून कधीच हलली नसती, आणि शालन ब्रेकवर पाय ठेवून तशीच बसली असती, कारण तिला दोन ठोके ऐकू आलेले नसते. रंगरावनं कोपरं घासत अंग आणखी पुढे ओढलं. तेवढ्यात फुसफुस त्याच्या कानात शिरली. मागून नाही, पुढून नाही, अगदी कानात. त्यानं मान वळवली. डोळ्यांसमोर वितीच्या अंतरावर पाइपाचा एक सांधा होता, आणि सांध्याला टाचणीच्या टोकाएवढं भोक होतं. एवढ्याशा भोकासाठी तो इतका लांब आला होता.

त्यानं अंगठा भोकावर दाबला. आवाज थांबला.

सगळीकडेच शांत झालं. घाटात कोकीळ ओरडत होती, ती इतका वेळ ओरडत असणार, पण त्याला आत्ता ऐकू आली.

"थांबला म्हणत्यात काटा," बाहेरून न्हावी म्हणाला. "लालच्या कडंवर थांबलाय."

"मकबूलला हाक मार. म्हणावं रबरी पट्टी घेऊन ये. आन टॉमी."

"मिस्त्री पुढं हाईत."

"मग तू ये. हितं अंगठा धर तेवढा."

खुर्ची मिटल्याचा आवाज आला, मग आरसा कडीवरून काढल्याचा. करवंदवालीची पाटी कुणीतरी डोक्यावर चढवून दिल्यावर बाई जसा हुंकार देते तसा हुंकार ऐकू आला. पावलं घुमटीच्या बाजूला निघून गेली. निरोप आणणारं आता कुणी राहिलं नव्हतं.

रंगराव चेसीखाली उताणा झाला. अंगठा काढला तर लालच्या कडेवरचा काटा खाली जाणार होता. काढला नाही तर तो इथून हलू शकत नव्हता. मोकळ्या हातानं त्यानं चेसीवर दोनदा मूठ आपटली. एवढं जाड लोखंड, त्यानं मुठीची दखलही घेतली नाही. त्यानं खिसे चाचपले. खिशात पानाची डबी होती, प्लास्टिकची. तीही त्यानं आपटली. मग त्यानं शालनला हाक मारली. एकदा नावानं मारली, मग लग्नाच्या पहिल्या वर्षी तो तिला ज्या नावानं हाक मारायचा आणि जे घरात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं, त्या नावानं मारली. हाक चेसीखाली चाकाचाकांतून पुढे गेली आणि कुठंतरी संपली.

अंगठ्याला मुंग्या आल्या. त्यानं दुसरा अंगठा वर ठेवून जोर दिला. केबिनमध्ये ती दोन पायांनी तेच करत होती हे त्याच्या लक्षात आलं. तिच्या पायाखाली जी हवा होती तीच त्याच्या अंगठ्याखाली होती, एकाच पाइपातली. ती पाय किंचित हलवायची तेव्हा अंगठ्याखाली बारीक धडकल्यासारखं होत होतं. मग तो किंचित सैल सोडायचा आणि पुन्हा दाबायचा, आणि त्याला वाटायचं की तिलाही पायाखाली कळत असेल. कळत असेल की नाही, हे विचारायची सोय नव्हती.

चेसी आणखी खाली आली आणि त्याच्या छातीला टेकली. जड वाटली नाही, नुसती टेकून राहिली.

मग पुढून एक ठोका आला.

तो लोखंडाचा नव्हता. टॉमी लोखंडावर पडली की आवाज खणखणतो आणि मागे गुणगुणत राहतो. हा बुटका, कोरडा आवाज होता, लाकडाचा. रंगरावनं तो ओळखला. घरी असला की दुपारी पडल्या पडल्या तो तोच ऐकायचा. शेवटची पोळी झाली की शालन लाटण्याची पिठी झटकायला ते पोळपाटाच्या कडेवर एकदाच आपटायची, आणि तो समजायचा की आता हाक येईल, जेवायला उठायचं.

ती हाक आली नाही. चेसी थोडा वेळ थरथरली आणि स्थिर झाली.

एक ठोका. त्यानंच तिला शिकवलं होतं, एक ठोका म्हणजे दाबायचं आणि दाबूनच धरायचं.

रंगरावनं दोन्ही अंगठे आणखी घट्ट दाबले, कान लोखंडाला लावला आणि दुसऱ्या ठोक्याची वाट बघू लागला.